हव्वाबीचा कडीचा डबा

मी एक डबा आहे. स्टीलचा, घट्ट झाकणाचा, हातात धरायला कडी असलेला. डबा बोलतो कसा, असं तुम्ही विचाराल. अहो, आम्ही भांडी जन्मभर वाजतच असतो, तुम्ही लक्ष देत नाही एवढंच. आज जरा निवांतपणा मिळालाय, म्हणून वाजण्याऐवजी बोलतो.

माझा जन्म एका दणक्यात झाला. सपाट पत्रा होतो, यंत्र खाली आलं आणि मला पोट आलं. त्या दणक्याबद्दल माझी तक्रार नाही. पोट नसतं तर जगात काय काय शिजतं हे मला कधी कळलंच नसतं.

रत्नागिरीच्या बाजारातल्या एका दुकानात हव्वाबीच्या आईनं मला पसंत केलं. लेकीचं लग्न ठरलं होतं. तिनं माझं झाकण चार वेळा लावलं, चार वेळा काढलं, उजेडाकडे धरून माझ्यात डोकावून पाहिलं. जावई पसंत करतानाही तिनं एवढी चिकित्सा केली नसावी. मग दुकानदारानं टिकटिक करणाऱ्या यंत्रानं माझ्या बुडावर ठिपक्याठिपक्यांत नाव घातलं, ‘हव्वाबी वली सोलकर’. तिला ते नाव लागायच्या आठ दिवस आधी ते मला लागलं, याचा मला अजून थोडा तोरा आहे.

तिचा नवरा वली दुबईत, देरा भागातल्या एका हॉटेलात वेटर होता. दोन वर्षांनी एकदा घरी यायचा. तो यायचा तेव्हा घरात माणसांची रीघ लागायची आणि मला दम खायला फुरसत नसायची.

आमच्या गावात एक रिवाज होता. शेजारी काही पाठवलं, तर त्या घरून डबा रिकामा परत यायचा नाही. मी सांदणं घेऊन जायचो आणि कैऱ्या घेऊन यायचो. खिमा घेऊन जायचो, शेवग्याच्या शेंगा घेऊन यायचो. घरात काहीच नसलं तर बाया मूठभर साखर तरी टाकायच्या. एकदा एका घरून गवती चहाची फक्त चार पाती आली. हव्वाबीनं ती मुकाट्यानं चहात टाकली आणि त्या घराबद्दल कुठे चकार शब्द काढला नाही. मी तेव्हापासून समजून चाललो, की सगळ्या जगात डबे असेच फिरत असतात.

वली गेल्यावर त्यांचा मुलगा तहा आईला दुबईतल्या अल कुसैसला घेऊन आला. हव्वाबीनं माझ्यात सुकट ठासून भरली, मला जुन्या चादरीत गुंडाळलं आणि आम्ही दोघं विमानात बसलो. ती खिडकीशी, मी सामानात. उतरल्यावर सूनबाई रुखसारनं माझं झाकण उघडलं, नाक दाबलं आणि मला तीन वेळा लिंबानं घासलं.

त्यानंतर सहा वर्षं मी स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या कपाटात पडून होतो. खाली पारदर्शक प्लास्टिकचे डबे नांदत होते. ओट्यावर एअर फ्रायर नावाचा एक काळा गृहस्थ येऊन बसला, त्याचा मान फार. शेजारी कोण राहतं हे कुणाला ठाऊक नव्हतं, मग माझं काय काम? अंधारात बसून मी खालची बोलणी ऐकायचो. तहा आईशी मराठी बोलायचा, बायकोशी मराठी आणि हिंदीची खिचडी, आणि त्यांची पंधरा वर्षांची अलिशा सगळ्यांना इंग्रजीतच उत्तरं द्यायची.

मग हव्वाबीच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, आठ आठवडे हातात आहेत. तेवढ्यात व्यायामानं गुडघा वाकला तर वाकला, नाहीतर जन्मभर फळकुटासारखा ताठ राहील. हव्वाबीचं मागणं फार मोठं नव्हतं. कुणाच्या खांद्यावर हात न ठेवता आपलं आपल्याला बाथरूमला जाता यावं, एवढीच तिची दुआ होती. बासष्ट वर्षांच्या बाईला सुनेला हाक मारताना किती जड जातं, हे मला तिच्या आवाजावरून कळायचं.

व्यायामासाठी एका एजन्सीकडून मारिविक यायला लागली. फिलिपीन्समधल्या इलोइलो प्रांतातल्या एका समुद्रकाठच्या गावची, पस्तिशी ओलांडलेली, बुटकी, गोल चेहऱ्याची. आठवड्यातून तीनदा यायची. हव्वाबीला ‘मामा’, म्हणजे आई, म्हणायची. पाय वाकवताना ती आपल्या भाषेत आकडे मोजायची, “इसा, दुहा, तात्लो.” हव्वाबी तिच्यामागून “एक, दोन, या अल्ला, तीन” असं मोजायची. दुखून डोळ्यांत पाणी यायचं आणि त्या मोजणीचं हसूही यायचं. पहिल्या दहा दिवसांत गुडघा बराच सैल झाला.

आता अशा मुलीला काहीतरी द्यायला हवं, असं घरात सगळ्यांनाच वाटू लागलं. पण काय आणि कसं, यावर जेवणाच्या टेबलावर जी चर्चा झाली ती मी वरून कान देऊन ऐकली.

“हॉटेलात आपण टेन पर्सेंट ठेवतो ना,” तहा म्हणाला. “हिला एकदाच पन्नास दे. पन्नास दिरहम म्हणजे बाराशे रुपये झाले जवळजवळ.”

“हे हॉटेल आहे का?” रुखसार म्हणाली. “आणि एजन्सीचं बिल आपण भरतोच आहोत.”

“डॅड, नर्सला कोणी टीप देतं का? इट्स सो ऑकवर्ड,” अलिशा म्हणाली.

“तुझ्या दादानं टिपांवर अर्धं घर बांधलं गो बाय,” हव्वाबी वलीची आठवण काढत म्हणाली. “ऑकवर्ड काय त्यात?”

शेवटी विरोध करणाऱ्या रुखसारनंच दुसऱ्या दिवशी दाराशी पन्नासची नोट पुढे केली. मारिविकनं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि दोन पावलं मागे सरली. “नो मॅम, प्लीज मॅम, कंपनी रूल,” असं म्हणाली, पण हसत हसत म्हणाली. आमच्या घरच्यांना वाटलं, लाजतेय. माणसांची ही एक गंमतच आहे. समोरचा हसला की तो खूश आहे, असं ती धरून चालतात.

“पैसे नको म्हणते ना, मग खाऊ देऊ,” हव्वाबी म्हणाली. “खायला कोण नाय म्हणेल? अलिशा, स्टुलावर चढ आणि तो वरचा डबा काढ.”

सहा वर्षांनी कपाटाचं दार उघडलं आणि उजेड माझ्या अंगावर आला. तो आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही.

हव्वाबीनं ओट्याशी खुर्ची घेऊन बसल्या बसल्या सांदणं केली. तांदळाच्या रव्याची, नारळाच्या दुधाची, वाट्यांमध्ये वाफवलेली. गावाला ती माडीनं फुगवतात, इथे यीस्टच्या पुडीवर भागवलं. मला पोटभर गरम सांदणं मिळाली आणि मारिविकच्या पिशवीत बसून मी तिच्या घरी गेलो.

घर म्हणजे चार इमारती पलीकडे, औषधाच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर, एक खोली. दोन बंक-बेड, प्रत्येक खाटेला पडदा, पडद्याआड एक एक बाई. मारिविकच्या वरच्या खाटेवर जेनालिन राहायची, ती एका कॅफेत काम करायची. दोघींनी झाकण उघडलं आणि एकमेकींकडे पाहिलं. त्यांच्याकडे ‘पुतो’ म्हणून एक पदार्थ असतो, तांदळाचा, वाफवलेला, वाटीच्या आकाराचा. त्यांना वाटलं, या कोकणी मामाला आपला पुतो कुठून ठाऊक? चौघींनी मिळून बघता बघता मला रिकामं केलं.

त्यांची भाषा मला कशी कळली, असं विचाराल. भांडं ज्या घरी घासलं जातं, तिथली भाषा त्याला चार दिवसांत येते. तुम्हालाच वर्षानुवर्षं लागतात.

मारिविकनं मला धुतलं, पुसलं आणि खाटेवर समोर ठेवून विचारात पडली. आणि मग ती जेनालिनला जे म्हणाली ते ऐकून मला धक्का बसला. तिच्या गावातही डबा रिकामा परत करायचा नसतो! इतका समुद्र ओलांडून हा रिवाज तिथेही पोचला होता, किंवा तिथून आमच्याकडे आला होता, देव जाणे. मी आनंदानं नुसता लखलखलो. तेव्हा मला त्यातली मेख कळली नव्हती.

दोन दिवसांनी मी सोलकरांकडे परत गेलो तो पोटात पुतो घेऊन. हव्वाबीनं एक उचलून उलटसुलट पाहिला. “डुक्कर-बिक्कर नाय ना गो?” तिनं सरळ विचारलं. मारिविकनं बेकरीच्या पिशवीवरचा हलालचा शिक्का दाखवला. “ओन्ली राइस, मामा. अँड लिटल चीज.” सांदणावर चीज पाहून हव्वाबीच्या कपाळाला आठी पडली, पण खाल्ल्यावर ती म्हणाली, “सांदणाची बहीण दिसते. जरा फॅशनवाली आहे, एवढंच.”

मग काय, माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. हव्वाबीनं खिमा-पाव पाठवला, तिकडून गूळ आणि नारळाचा चिकट भात आला, अगदी आपल्या नारळीभातासारखा. हव्वाबीला वाटलं, आपला खाऊ आवडला, मुलगी खूश आहे. तिनं बिर्याणी पाठवली. तिकडून अंड्यांच्या गोड पुडिंगचा अख्खा साचा आला. हव्वाबीची कळी खुलली. सहा वर्षांत पहिल्यांदा तिचं कुणाशी तरी देणंघेणं सुरू झालं होतं. गुडघा वाकत होता आणि तिचं मनही रमलं होतं.

पण मी दोन्ही घरांत राहत होतो, म्हणून मला जे दिसत होतं ते इतर कुणाला दिसत नव्हतं.

मारिविकच्या घरी स्वयंपाकघर बारा बायकांत एक. फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलेलं, प्रत्येकीला आठवड्यातून दोनदा पाऊण तास. तेवढ्यात भात आणि मासा शिजवून आंघोळ उरकायची असते. पुतो आणि पुडिंग तिथे होणार कसं? ती सगळं विकत आणत होती. त्यासाठी तिनं संध्याकाळची एक जादा ड्युटी धरली होती, एका आजारी आजोबांना उचलून बसवायची. तिला गावी, तिच्या आईजवळ, एक बारा वर्षांचा मुलगा होता, तो रोज संध्याकाळी आईला फोन करायचा. आता फोनच्या वेळी ती आजोबांकडे असायची. फोन आला की जेनालिन उचलायची आणि “आई कामावर आहे” असं सांगायची.

हे सगळं कशापायी, तर मी रिकामा जाऊ नये म्हणून. मी लखलखायचं बंद केलं.

जेनालिन तिला समजवायची. एकदा ती कॅफेतून आली आणि बूट काढत म्हणाली, “माझं बघ. लोक टीप देतात, काचेच्या पेटीत पडते, महिनाअखेर आम्ही सगळे वाटून घेतो, भांडी घासणाऱ्यांसकट. संपलं. कुणी बशीखाली ठेवतं, कुणी बिलावर ‘थँक यू’ लिहितं. कुणी नोट दोन बोटांत धरून मला नाचवतं, त्याचं कॉफीचं दूध मी मुद्दाम उशिरा आणते. पण कुणाच्या टिपेला मला उलट टीप द्यावी लागत नाही. तू तो डबा नुसता धुऊन परत दे.”

“रिकामा?” मारिविक म्हणाली. “नाकाकाहिया.” म्हणजे, लाज वाटते. तोंड दाखवायला जागा उरत नाही, अशी लाज. ही लाज मला ओळखीची होती. गवती चहाची चार पाती पाठवणाऱ्या बाईची तीच होती.

मी किती वाजून पाहिलं. झाकण सैल केलं, कडी वाकडी केली. “डब्याची कडी कुरकुरते,” एवढंच हव्वाबी म्हणाली आणि तिनं तेल लावलं.

पाचव्या आठवड्यात हव्वाबीनं कमाल केली. तिनं माझ्यात कोळंबीचा पुलाव भरला आणि त्यावर, छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून, पन्नासची तीच नोट ठेवली. वरून झाकण दाबलं. “हातात घेत नाय ना, आता घरी गेल्यावर कुणाला परत देईल?” असं म्हणून ती स्वतःशीच हसली. फार हुशारी केली, असं तिला वाटत होतं.

मारिविकनं खोलीत झाकण उघडलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. पेशंटच्या घरून पैसे घेताना कुणी सापडलं, तर एजन्सी त्याच आठवड्यात व्हिसा रद्द करून घरी पाठवते, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. नोट परत न्यावी तर मामाचा अपमान. ठेवावी तर नोकरीवर बालंट. आणि डबा भरायला तर आता नोटेच्या तोलाचं काहीतरी हवं. मग तिनं पुलाव मैत्रिणींना वाढला, मला घासलं, नोट पिशवीसकट परत माझ्यात ठेवली आणि झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ऑफिसला फोन करून सांगितलं, त्या पेशंटकडे दुसऱ्या कुणाला पाठवा.

तीन आठवडे मी तिच्या खाटेजवळच्या फळीवर बसून होतो, पोटात ती नोट घेऊन. मारिविक मला रोज पुसायची. जिला तोंड चुकवायचं तिचाच डबा रोज पुसणं, ही गोष्ट मला अजून नीट उलगडलेली नाही.

एका शुक्रवारी दुपारी कुणीतरी दार ठोठावलं. जेनालिननं उघडलं. दारात वॉकर धरून हव्वाबी उभी होती, घामानं भिजलेली, मागे अलिशा. मारिविकनं एकदा खिडकीतून आपली इमारत दाखवली होती, तेवढ्या पत्त्यावर ती चार इमारती चालत आली होती. उजवा पाय ती जमिनीवरून फरफटत आणत होती. वाकत नव्हता.

मारिविक आपल्या खाटेवर होती. तिनं पडदा बाजूला केला आणि तिचे डोळे थेट त्या गुडघ्यावर गेले.

“शी डिडन्ट डू एनी एक्सरसाइझ,” अलिशा म्हणाली. “नवीन नर्स आली होती, दादीनं तिला हात नाही लावू दिला. शी थिंक्स यू आर अँग्री.”

“माझ्या खाण्यात काही चुकलं का, एवढंच विचारायला आले,” हव्वाबी म्हणाली. अलिशानं ते इंग्रजीत सांगितलं.

मारिविकनं सरकून जागा करून दिली. हव्वाबी खालच्या खाटेवर टेकली, वॉकर बाजूला ठेवला आणि खोलीभर नजर फिरवली. दाराबाहेरच्या फ्रिजवर वेळापत्रक दिसत होतं, नावं आणि पाऊण-पाऊण तास. कोपऱ्यात बेकरीच्या पिशव्या घडी घालून ठेवल्या होत्या, तिच्या ओळखीच्या. फळीवर मी होतो. चाळीस वर्षं चुलीपुढे काढलेल्या बाईला एवढं पुरतं.

“तो डबा दे बाय,” ती म्हणाली.

“नो मामा. टुमॉरो. टुमॉरो आय ब्रिंग,” मारिविक चटकन उठली आणि तिनं मला उराशी धरलं.

“खाली डब्बा दे दो, चलेगा.”

“नो मामा, प्लीज.”

हव्वाबीनं कडी धरली. मारिविकनं सोडली नाही. दोघी एकमेकींशी अत्यंत अदबीनं बोलत होत्या आणि मी मध्ये ताणला जात होतो. शेवटी माझं झाकण निघालं आणि ती नोट हव्वाबीच्या मांडीवर पडली.

जेनालिन मग घडाघडा बोलली. कंपनीचा नियम, जादा ड्युटी, मुलाचे फोन, सगळं. मारिविक तिला थांबवत होती, अलिशा आजीला मराठीत सांगत होती, आणि सांगता सांगता त्या मुलीचा आवाज हळू होत गेला. हव्वाबी ऐकत होती. तिला फार लाज वाटली. मी तिला इतकी वर्षं ओळखतो, तिची मान तशी खाली गेलेली मी पाहिली नव्हती.

“तुझे दादा असेच राहायचे,” ती अलिशाला म्हणाली. “सहा माणसं एका खोलीत. ते मला सांगायचे, चांगलं गिऱ्हाईक कोण, तर जे टीप ठेवतं आणि मागे वळून बघत नाय. वळून बघितलं, की आपल्याला हसावं लागतं. आणि मी? मी तर डबा पाठवून रोज वळून बघत होते.”

अलिशानं ते सांगायला तोंड उघडलं, पण मारिविकला बहुतेक कळलं होतं. ती हव्वाबीशेजारी बसली.

हव्वाबीनं नोट आपल्या बटव्यात टाकली. मग तिनं मला हातात घेतलं, उलटं केलं आणि बुडावरच्या ठिपक्यांवरून एकदा अंगठा फिरवला. आणि मला मारिविकच्या मांडीवर ठेवलं.

“हा तुझा,” ती म्हणाली. “तुझ्या आईला पाठव. परत नाय आणायचा. आणलास तर मी दार उघडणार नाय. अलिशा, नीट सांग तिला, डबाच दिला. आता परत काय करणार?”

मला कुणी विचारलं नाही. डब्याला कोण विचारतं? पण मी गप्प बसणार नाही. मला वाईट वाटलं. तिच्या आईनं मला तिच्या हातात दिलं होतं. त्या घरातल्या दोन मयती आणि एक लग्न मी पाहिलं होतं. पण रागही येईना. जोवर मी परत जात राहीन, तोवर त्या दोघींतलं कुणीतरी सारखं वाकलेलं राहणार, हे मलाही दिसत होतं.

“बट व्हॉट आय गिव्ह यू, मामा?” मारिविकनं विचारलं.

“सोमवारी ये. माझा पाय वाकव. ते तर तुझं कामच आहे, त्याचे पैसे एजन्सी देते. मला काय नको.”

मारिविकनं तिचा हात घेतला आणि आपल्या कपाळाला लावला. त्यांच्याकडे मोठ्या माणसांना तसं करतात.

ऑफिसला फोन करून सोमवारपासून ती पुन्हा जायला लागली. हे मला खोलीत बसून ऐकावं लागलं, कारण आता मी इकडचा झालो होतो. तीन आठवडे वाया गेले होते, गुडघा हट्टाला पेटला होता. पहिल्या आठवड्यात मारिविक परत आली की तिचेच हात दुखत असायचे. “इसा, दुहा” मोजताना मामा आता शिव्या देते, असं ती जेनालिनला सांगायची. डॉक्टरांनी दिलेली मुदत उलटून गेली. मग एक दिवस ती आली आणि पिशवीही न ठेवता म्हणाली, मामा आज एकटी बाथरूमला गेली. दार लावून घेतलं आणि आतून ओरडली, ‘कुणी येऊ नका.’

जादा ड्युटी तिनं सोडली. संध्याकाळी फोन वाजला की आता तीच उचलते. आणि व्यायामाच्या शेवटच्या दिवशी ती सोलकरांकडे काहीही न घेता गेली. टेबलाशी बसून तिनं चार सांदणं खाल्ली, बोटं चाटली आणि हात हलवत परत आली. घरी आल्यावर तिनं हे जेनालिनला दोनदा सांगितलं, जणू काही मोठा पराक्रम केला होता. मला विचाराल तर होताच.

पुढच्याच आठवड्यात जेनालिन कॅफेतून हसत हसत आली. तिच्या कॅफेत एक म्हातारी आली होती, वॉकर नाही, हातात नुसती काठी. तिनं चहा घेतला, अर्धा केक खाल्ला, अर्धा कागदात बांधून घेतला. जाताना काचेच्या पेटीत पन्नासची नोट टाकली आणि दाराकडे निघाली. “मी ओळखलं, मी ‘मामा, मामा’ अशी हाक मारली,” जेनालिन म्हणाली. “तिनं ऐकलं, मला ठाऊक आहे तिनं ऐकलं. पण बया वळली नाही.”

मारिविक हसता हसता रडायला लागली.

आता मी एका मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे. फिलिपिनो बाया वर्षभर असं खोकं भरतात आणि जहाजानं घरी पाठवतात. माझ्याभोवती साबण आहेत, टॉवेल आहेत, चॉकलेटं आहेत, डबाबंद मांसाचे बुटके डबे आहेत. ते फार शिष्ट, बोलत नाहीत. खोक्यात रिकामी जागा सोडायची नाही असा त्यांचा नियम, म्हणून मारिविकनं माझ्यात मुलाचे मोजे कोंबलेत. जन्मात मी मोजे वाहिले नव्हते. नवे आहेत, म्हणून चालवून घेतोय.

काल आमचं खोकं दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका गोदामात आलं. जहाजाला दीड-दोन महिने लागतील म्हणतात. मला उत्सुकता आहे. मारिविकची आई झाकण चार वेळा लावून बघणाऱ्यांतली आहे का? तिथे पुतो वाफवताना वास सांदणांसारखा येतो का? माझ्या बुडावरचं नाव तिथे कुणाला वाचता येणार नाही, पण कुणीतरी विचारेल आणि मारिविकचा मुलगा आईकडून ऐकलेलं सांगेल, असं मी धरून चाललोय.

निघण्यापूर्वी तुमच्याकडे एक मागणं. कुणाच्या कष्टाचं मोल तुमच्या मनात आलं, तर जरूर द्या. त्याच्या नोकरीवर बालंट येणार नाही ना, हे आधी विचारा. चारचौघांत नाचवू नका, आणि दिल्यावर तो हसतोय का हे बघायला वळू नका. आणि डब्यातूनच द्यायचं असेल, तर डब्यासकट द्या. आम्हाला थोडं वाईट वाटतं, पण ते आमचं आम्ही बघून घेऊ.